टेकडीवरचं झाड

आष्टीच्या तहसील कचेरीत नानांनी एकतीस वर्षं पाऊस मोजला. पाऊस नसेल त्या दिवशी वहीत शून्य मांडायचं. पण ते शून्यही नाना असं वळणदार काढत, की पाऊस न पडल्याचं वाईट वाटू नये.

निवृत्तीनंतर पत्नी सरोजिनीबाई गेल्या आणि घरात मोजण्यासारखं काही उरलं नाही. तेव्हा अमेरिकेतल्या मुलानं, श्रीधरनं, त्यांना काम दिलं. तो तिथं एका प्रयोगशाळेत लेसरचं यंत्र बनवत होता. पुढंमागं ते अवकाशातून खाली प्रकाश सोडणार आणि परत आलेल्या उजेडावरून हवेतली धूळ मोजणार. सध्या ते टेबलावरच होतं. ‘तोवर आष्टीची हवा तुम्ही बघा,’ त्यानं लिहिलं. ‘रोज आठ वाजता ओट्यावरून टेकडीवरचं निंबाचं झाड दिसतं का, कळवा.’

नानांनी हे सरकारी हुकमासारखं घेतलं. दर शनिवारी सात नोंदींचं हवाईपत्र निघे. तब्येतीचा उल्लेख नसे. तसा रकानाच नव्हता.

१९८४च्या हिवाळ्यात ‘अस्पष्ट’ वाढलं. मग ‘झाड नाही’. मग टेकडीही गेली. श्रीधरचं उत्तर आलं: ‘यंत्र असं दाखवू लागलं, तर आम्ही हवेला दोष देण्याआधी काच तपासतो. दुसऱ्या कुणाला झाड दिसतं का?’

नानांनी ते पत्र चार दिवस उशीखाली ठेवलं. काच खराब निघाली, तर शनिवारी लिहायचं काय? पाचव्या दिवशी शेजारची तानाबाई ओट्यासमोरून चालली होती.

“तानाबाई, टेकडीवर झाड दिसतं का तुले?”

“काऊन? तोडलं का कोनं?”

“दिसतं का, तेवढं सांग.”

“झाड दिसते, खाली तीन बकऱ्या दिसते. लंगडी माही हाय. तुमाले नाई दिसत?”

नानांनी डोळे चोळून पुन्हा टेकडीकडे पाहिलं.

“डोये दाखवा, नाना. धूळ नोका पाहू.”

शनिवारी त्यांनी वही उघडली. ‘अस्पष्ट’ लिहून निभावलं असतं. पण एकतीस वर्षांत खोटा आकडा लिहिला नव्हता. दोन महिन्यांच्या नोंदींवर त्यांनी एकेक लाल रेघ मारली, शेजारी सही केली आणि पत्रात लिहिलं: ‘मागील नोंदी रद्द. झाड स्वच्छ. बकऱ्या तीन. निरीक्षक: तानाबाई. जुने निरीक्षक डोळे दाखवायला वर्ध्याला जातील. सोबत कुणी असावं, असं वाटतं.’

शेवटचं वाक्य कुठल्याच रकान्यात बसेना. नानांनी ते खोडलं नाही.