अर्धी भाकर

भोकरदनहून जालन्याला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये ती केदारखेड्याला चढायची. बियाण्याच्या कंपनीत कामाला होती. खिडकी मिळाली की स्कार्फ सैल करून गप्प बाहेर बघत बसायची.

एकदा मी मोबाइलवर एका सिनेमाची जाहिरात बघत होते. उडत्या घोड्याच्या एका परदेशी कादंबरीवरून काढलेला. ती एकदम म्हणाली, "नका जाऊ. मी बघून आल्ते. माझा सीनच काढून टाकला त्यांनी."

"कोणता?"

"घोडा दमून खाली बसतो. राणी त्याला आपल्यातली अर्धी भाकर देते. लहानपणी आक्का मला ते पुस्तक वाचून दाखवायची. इथं तिचा आवाज बारीक व्हायचा."

बोलताना तिनं तळहात पुढं धरला होता, जणू त्यावर भाकर आहे.

"पुस्तकात तर आहे ना?"

"रागारागात पुस्तक आणून सगळं वाचलं. त्यात बी न्हाई. मंग ध्यानात आलं, त्या परदेशी राणीकडं भाकर कुठून येणार? आक्काच मनानं घालायची ते." तिनं हात मिटला. "आता विचारायला ती न्हाई."

पुढं मीही तो सिनेमा पाहिला. घोडा दमून बसला, राणीनं लगाम ओढला आणि तो तसाच उपाशी उडाला.