जनीचं ‘येते’

पेणच्या खाडीकडच्या त्या गावातून विमानात बसलेलं पहिलं माणूस म्हणजे जनी पाटील, हे गावात अजूनही छाती फुगवून सांगतात. ती इंग्लंडला जाऊन रोज रडत होती, हे मात्र कुणी सांगत नाही. सांगणार तरी कसं? परत आल्यावर तिने कुणाला सांगितलंच नव्हतं.

आईबाप दोघंही मिठागरात राबणारी. जनी कशीबशी बारावी झाली आणि पेणमधल्या एका संस्थेच्या बालवाडीत लागली. १९९५ साली त्या संस्थेने अदलाबदलीचा घाट घातला. इंग्लंडमधली एक मुलगी इकडे येऊन सहा महिने सेवा करणार, इकडची एक तिकडे जाऊन करणार. ज्या दोघी चांगल्या शिकलेल्या होत्या त्यांच्या घरच्यांनी साफ नकार दिला, म्हणून नंबर जनीचा लागला. इंग्रजी सुधारायला तिला रोह्याला आत्याकडे ठेवलं. तिथून पूल ओलांडून ती रोज नदीपलीकडच्या अष्टमी गावात सॉलोमन मास्तरांकडे जायची. मास्तर कोकणातले ज्यू, त्यांचे सगळे भाऊ इस्रायलला गेलेले, हे एकटेच मागे राहिलेले, त्यामुळे बोलायला माणूस मिळालं की घड्याळाकडे बघायचे नाहीत. त्यांची शिकवण सरळ होती. आधी मराठीत वाक्य जुळव, मग शब्दाला शब्द ठेव, आणि घाबरू नको.

जनी पोचली ती नोव्हेंबरात. समुद्रकाठचं लहानसं गाव, पण समुद्राला ओळखीचा वाससुद्धा नव्हता. दुपारी चारलाच अंधार पडायचा. रस्त्यावर माणूस नाही, आणि दिसलंच तर ते ‘सॉरी’ म्हणून बाजूला व्हायचं. सगळे इतके गोड बोलायचे की कुणी खरंच रागावलंय का हे कळायला मार्ग नाही. तिचं काम वृद्धाश्रमात, म्हाताऱ्याकोताऱ्यांना भरवायचं, आंघोळी घालायच्या, अंथरुणं बदलायची. कामाला ती डरणारी नव्हती. पण जेवण सगळं अळणी. पहिल्या आठवड्यात तिने भीत भीत मीठ मागितलं, तर हातावर कागदाची बोटभर पुडी आली. ती बघून तिला बाप आठवला, आणि ती न जेवताच उठली.

घरी एका खोलीत पाच जणांत झोपलेली पोर. इथे तिला स्वतंत्र खोली मिळाली होती आणि तिथे श्वास कोंडायचा. इथून निघायचं कसं, याशिवाय डोक्यात दुसरा विचार नव्हता. पण गावाने हार घालून पाठवलेलं. अर्ध्यात परतली असती तर पेणपासून वडखळपर्यंत तोंड दाखवायला जागा उरली नसती.

तिथे तिला एकच आधार होता. डोरोथी नावाची नव्वदीची म्हातारी. तिला नाव-गाव, वार-तारीख काही धड आठवायचं नाही, पण जनी खोलीत आली की ती तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून तासभर बोलत बसायची. जनीला त्यातलं निम्मंही कळत नसे. तरी त्या आख्ख्या इमारतीत तिला आपणहून हात लावणारं एवढं एकच माणूस होतं. संध्याकाळी निघताना जनी तिच्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडायची आणि मास्तरांच्या पद्धतीने शब्दाला शब्द ठेवून निरोप घ्यायची. ‘येते’ म्हणजे ‘आय कम’.

थोड्याच दिवसांत म्हातारी संध्याकाळी बिछान्यावर जाईना. खुर्चीत दाराकडे तोंड करून बसू लागली. ताट पुढे आणलं की म्हणे, थांबा, ती येतेय. एकदा दारापर्यंत जाऊन बघायला म्हणून उठली आणि पडली. मनगट सुजलं.

दुसऱ्या दिवशी तिथल्या मुख्य बाईंनी जनीला बोलावलं. तू तिला येते म्हणून सांगतेस का, असं त्यांनी विचारलं. जनीने होकार दिला. मग येत का नाहीस, असं बाईंनी विचारलं, तेव्हा कुठे जनीच्या डोक्यात उजेड पडला. आमच्यात निघताना असंच म्हणतात, हे तिने तुटक्या इंग्रजीत सांगून बघितलं. बाईंनी हसून ऐकून घेतलं. मग तितक्याच गोड आवाजात म्हणाल्या की आजपासून स्पष्ट ‘मी जाते’ म्हणायचं, नाहीतर तुला खाली कपडे धुवायच्या खोलीत टाकावं लागेल. त्या खोलीत दिवसभर यंत्रं घरघरत असायची आणि माणूस एकही नसायचं.

जनीला आईचं बोलणं आठवलं. लहानपणी एकदा शाळेत निघताना ती ‘जाते’ म्हणाली होती, तर आईने तिला उंबऱ्यातून मागे ओढलं होतं.

“जाते म्हनू नको गो बाय. परत नाय येनार ते मानूस जाते म्हनतं.”

आणि आता हेच एका पिकल्या पानाच्या तोंडावर म्हणायचं. त्या संध्याकाळी जनी बराच वेळ म्हातारीच्या खुर्चीशी घुटमळली. बोटं मोडायला हात उचलला आणि परत खाली घेतला. मग डोळे मिटून म्हणाली, “आय गो.”

म्हातारीने शांतपणे मान हलवली. सगळं जेवली, वेळेवर आडवी झाली. बाईंनी जनीची पाठ थोपटली. जनी मात्र रात्रभर कूस बदलत राहिली. आपण तिचं मरण बोलून बसलो, हीच धास्ती. उजाडताच ती जवळजवळ धावतच निघाली.

म्हातारी जिवंत होती. उशीला टेकून चहा पीत होती. जनीचा जीव भांड्यात पडला. ती जवळ बसली आणि तिने हात पुढे केला, पण म्हातारीने आपला हात शालीत ओढून घेतला आणि परक्या माणसाकडे बघून हसावं तशी हसली.

“इथे एक मुलगी यायची,” ती म्हणाली. “भारतातली. फार मायाळू होती.”

“ती मीच,” जनी म्हणाली. “बघा ना माझ्याकडे. मीच ती.”

म्हातारीने तिच्याकडे कीव येऊन बघितलं आणि लहान पोराची समजूत घालावी तसं हळू सांगितलं, “नाही गं बाळा. ती गेली. जाताना मला सांगून गेली.”