मी न घेतलेली गोधडी

साउथ डकोटातल्या लकोटा या मूळनिवासी लोकांच्या रेझर्व्हेशनवर, म्हणजे त्यांच्यासाठी राखलेल्या मुलखात, मी तीन वर्षं गणित शिकवलं. टेक्सासमधल्या प्लेनो शहरातली माझी बहीण म्हणायची, "अगं, अमेरिकेत येऊनसुद्धा आडगावच शोधलंस?" मी हसण्यावारी न्यायचे. पण मनातून मला केवढा तोरा! बाहेरून येणाऱ्या बाकीच्या टीचर्ससारखी मी नाही, मला ही माणसं कळतात म्हणे. कपाळ माझं!

दुसऱ्या वर्षी नववीतल्या एका मुलीची आई गेली. मुलगी वर्गात यायची, पण वहीच उघडायची नाही. मग लंचच्या सुट्टीत मी तिला माझ्याकडे बसवायला लागले. डब्यातली अर्धी पोळीभाजी तिला, अर्धी मला, आणि सोबत समीकरणं. हळूहळू ती बोलायला लागली. रोज आजीबरोबर गोधडी शिवते, असं एकदा म्हणाली.

आई जाऊन वर्ष झालं तेव्हा तिच्या आजीनं शाळेच्या जिममध्ये जेवण ठेवलं. आपल्या वर्षश्राद्धासारखंच असणार, असं मी धरून चालले. जेवणं झाल्यावर घरचे वस्तू वाटायला लागले. ब्लँकेटं, टॉवेल, भांडी. गेलेल्या माणसाच्या नावानं द्यायची त्यांची रीत. पहिलं नाव माझंच पुकारलं. आजीच्या हातात भली मोठी चांदणी शिवलेली गोधडी होती. ज्या घरातलं माणूस गेलंय, त्यांच्याकडून एवढी वस्तू घ्यायची तरी कशी? सवयीनं तोंडातून निघालं, "नको नको, खरंच नको, तुम्हालाच राहू द्या." आपल्याकडे यावर "असं कसं, घ्याच" होतं, दोन-तीनदा ओढाताण होते, मग आपण घेतो. मी त्या आग्रहाची वाट बघत उभी! आग्रह कुणीच केला नाही. आजीनं हात मागे घेतले आणि गोधडी शाळेच्या बसड्रायव्हरला दिली. मुलगी खाली बघत होती.

बाहेर पार्किंगमध्ये तिथलीच एक टीचर माझ्यावर उखडली. "मुलीला ज्यांनी सांभाळलं त्यांना तिच्या आईच्या नावानं देतात. तू सगळ्यांसमोर नाही म्हणालीस."

सोमवारपासून मुलगी लंचला यायची थांबली. आठवडाभर मी मूर्खासारखी दोघींचा डबा आणत राहिले. शेवटी तिला कॉरिडॉरमध्ये गाठलं, आमच्याकडचं ते नको-नको समजावलं, सॉरी म्हटलं. तिनं एवढंच विचारलं,

"सो यू वॉन्टेड इट?"

"हो गं, हवी होती."

"चांदणीच्या मधले तुकडे आईच्या ड्रेसचे होते," ती इंग्लिशमध्येच हळू म्हणाली. "ते तुमच्याकडे असावेत असं मीच आजीला सांगितलं होतं."

मला तिथेच रडू फुटलं. माझी मलाच इतकी चीड आली होती! तेवढ्यात बेल झाली. पुढचा तास माझाच होता. ती तिची नेहमीची पुढची जागा सोडून मागच्या रांगेत जाऊन बसली, आणि माझं तिथलं शेवटचं वर्ष संपेपर्यंत तिथेच बसत राहिली.