पाप नाही, पॉलिश आहे!

श्रावणातला शुक्रवार होता. आमच्या जळगावात श्रावण नुसता नावाला थंड. सकाळी चार थेंब पडले, लगेच ऊन निघालं, आणि भांडी पॉलिश करायच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही भरताच्या वांग्यासारखे भाजायला लागलो. बनियन अंगाला चिकटलेलं, वारा कुठे गेला त्याचा पत्ता नाही. तेवढ्यात माझ्या शेजारच्या सिंधूअक्का पदराखाली काहीतरी झाकून आल्या.

"आप्पा, पहिले ते मशीन बंद करा. ही घाबरी जाई."

पदर बाजूला केला, तर कानबाईचा मुखवटा. चांदीचा, तळहाताएवढा, काळाकुट्ट. आमच्या खान्देशात श्रावणात रविवारी कानबाई देवी मांडतात. पुष्कळ घरी नारळालाच नथ-डोळे लावतात, पण अक्कांच्या घरी पिढ्यांचा मुखवटा आहे.

"हाई माय काळी पडनी. रविवारले मांडनी शे, बठ्ठा भाऊबंद येतीन. पन डोया-नाकले धक्का लागाले नको!"

अक्कांचं माहेर धुळ्याकडचं, त्यामुळे बोलणं असं. सासू होती तोवर या मुखवट्याला तिनं अक्कांना बोट लावू दिलं नाही. दरसाल स्वतः राखेनं घासायची. ती जाऊन वर्ष होत आलं. अक्कांच्या हातची ही पहिलीच कानबाई. काही उणं निघालं, तर भाऊबंद म्हणायला मोकळे, म्हातारी होती तोवर ठीक होतं!

मी मुखवटा हातात घेतला. घासून घासून चांदी पिंपळपानासारखी पातळ झालेली. जरा दाबली की लवायची. मशीनवर धरली असती तर आरपार भोकच पडलं असतं.

"करतो," मी म्हणालो. कसं, ते मलाच ठाऊक नव्हतं.

अक्का गेल्या. मुखवटा मध्ये ठेवून आम्ही तिघं चहा प्यायला बसलो. मी हातानं पॉलिश करणारा, युनूस मशीनवाला, आणि पुढच्या भांड्यांच्या दुकानाचे मालक शांतिलालशेठ. पॉलिशच्या धंद्यात दोनच गोष्टी साठतात. नाकात काजळी आणि डोक्यात किस्से. काजळी आंघोळीनं जाते. समोर असा अवघड नग आला की काम सुचत नाही, किस्से मात्र सुचतात.

* * *

पहिला शेठचाच निघाला.

शेठ आमचे जैन, देवभोळे. मुंगीसुद्धा बाजूला करून चालणार. दिवाळीच्या पूजेला त्यांना सगळं लख्ख लागायचं, तराजूसकट. दरवर्षी पितळी वजनं युनूसकडे यायची आणि युनूस मन लावून बफला धरायचा. बफ म्हणजे कापडाचं गरगर फिरणारं चाक.

आता चमक काही आभाळातून येत नाही. धातूचंच थोडं अंग जातं तेव्हा ती येते. इतक्या दिवाळ्या झाल्या, वजनांनी बिचाऱ्यांनी किती अंग द्यावं?

एके दिवशी तपासणीचे साहेब आले. सगळी वजनं हलकी! साहेब कडाडले, "शेठ, किती वर्षं चाललंय हे पाप?"

शेठनी हात जोडले. "साहेब, पाप नाही, पॉलिश आहे!"

साहेबांनी एक वजन उचलून आपला चेहरा पाहिला, दंड केला आणि दारातून मागे वळून हळूच विचारलं, "समईलाही पॉलिश करता का हो तुम्ही?"

* * *

मी धंदा शिकलो धुळ्याला. तिथं गल्लीला नावापेक्षा नंबर मोठा. आमचे उस्ताद पाचव्या गल्लीत बसायचे. मशीनबिशीन काही नाही. चिंच, विटेची भुकटी, केळीच्या खांबाची राख आणि मनगट.

उस्तादांची परीक्षा एकच. घासलेलं ताट तोंडासमोर धरायचे. मिशीचा केस न् केस दिसला पाहिजे.

एकदा मी ताट दिलं. उस्तादांनी पाहिलं आणि भिरकावलं. "केस पांढरा दिसतो! नीट घास!"

मी पुन्हा घासलं. केस आणखीच पांढरा दिसायला लागला! जितकी चमक वाढवावी तितके उस्ताद म्हातारे होत चालले.

शेवटी माझ्या जोडीच्या गड्यानं अंगठ्याला काजळी लावली आणि ताटात मिशी दिसायची बरोबर त्या जागेवरून हलकेच फिरवली.

उस्तादांनी पाहिलं. मिशीला पीळ दिला. "ह्याला म्हणतात पॉलिश!"

* * *

रावेरचे एक केळीवाले भाऊ. नवा ट्रॅक्टर घेतला आणि हौसेनं पुढे स्टीलचा बंपर बसवला. म्हणाले, "लग्नातली नवरी पाहत राहिली पाहिजे, असा करा."

युनूसनं केला. आधी खरखरीत पट्टा, मग बारीक, मग बफ. बंपर कसला, आरसाच.

आठ दिवसांत भाऊ ट्रॅक्टर घेऊन परत. चेहरा पडलेला.

"युनूसभाई, पॉलिश काढून द्या."

"क्यूं भाऊ, नवरी नाराज हो गयी क्या?"

"नवरीचं राहू द्या. आमचा कोंबडा! उजाडल्यापासून त्या बंपरमधल्या कोंबड्याशी भांडतो. ना जिंकत, ना हारत. कोंबड्यांकडे ढुंकून पाहत नाही. बायको म्हणते, एक तर ट्रॅक्टर विका नाहीतर कोंबडा कापा!"

युनूसनं बंपरवरून हात फिरवला. "भाऊ, मेरी मेहनत मैं नही काढणार. तुम्ही ट्रॅक्टर घेऊन शेतात फिरा. चिखलाला सांगा, तो फुकटात काढेल."

* * *

पहूरच्या पुढे एक खेडं आहे, नाव नाही सांगत, नाहीतर मारायला येतील. तिथल्या देवळाची मोठी समई आमच्याकडे आली. पुजारीबुवा म्हणाले, "घासून घासून कंबर गेली. काळी पडणारच नाही असं काही करा."

युनूसनं पॉलिशवर लॅकर मारलं. लॅकर म्हणजे पारदर्शक रंगच, वरून दिसत नाही, पण पितळेला हवा लागू देत नाही. मी बुवांना बजावलं, ही नुसती शोभेला ठेवा, पेटवायची नाही. बुवांनी मान हलवली आणि घरी जाऊन पेटवली.

ऐन आरतीत समई तापली, लॅकर जळायला लागलं आणि सगळ्या अंगातून निळसर धूर! वासही असा, की कुणी कधी घेतलेला नाही. एक बाई ओरडली, "देव आला!" झालं. शेजारच्या गावांतून माणसं टेम्पो करून आली. नारळांचा ढीग पडला.

चार दिवसांनी बुवांचा फोन. मला वाटलं, आता शिव्या.

बुवा अगदी हळू आवाजात म्हणाले, "आप्पा, धूर थांबला हो! आणखी एक हात मारता का?"

* * *

असोद्याच्या दोन भावांच्या वाटण्या ठरल्या. शेत वाटलं, गोठा वाटला, राहिली भांडी. दोघांचं एकमत झालं की आधी सगळी भांडी पॉलिश करायची, म्हणजे एकाला काळं आणि एकाला गोरं असं नको. टेम्पोभर हंडे, घागरी, पराती आल्या.

युनूसनं सगळं झळाळून सोडलं. दोघी जावा न्यायला आल्या आणि मोठी किंचाळली, "नावं कुठं गेली?"

प्रत्येकीच्या माहेरच्या भांड्यांवर नाव घातलेलं होतं. आधीच झिजलेलं, बफखाली पार गेलं! युनूस मशीनमागे लपला. मी देवाचं नाव घेतलं. दोघी कमरेला पदर खोचून हंड्यांमध्ये उभ्या.

मोठीनं एक हंडा उचलला. "हा माझा."

"कशावरून?"

"हा पोचा बघ. दिराच्या लग्नात तुझ्या आईनं आपटला होता."

धाकटीनं परात ओढली. "मग ही माझी. ही तुम्ही मला फेकून मारली होती. कडा वाकली आहे."

"मारली होती, पण लागली कुठं?"

"म्हणून तर कडा वाकली! भिंतीला लागली!"

एकेक पोचा, एकेक भांडण. दुपारपर्यंत सगळी भांडी बरोबर वाटली गेली. शेवटी एकच घागर उरली. तिला कुठेच पोचा नव्हता. दोघींनी ती फिरवून फिरवून पाहिली.

मोठी म्हणाली, "ही सासूबाईंची. हिला हात लावायची कुणाची हिंमत होती?"

* * *

सासूचं नाव निघालं आणि आम्हा तिघांच्या नजरा मुखवट्याकडे गेल्या. तो तसाच काळा, डोळे वटारून बसलेला. चहा संपला होता, किस्सेही संपले होते.

शेठ म्हणाले, "आप्पा, घासायचं नाही, तर धुवा."

तेच करायचं ठरलं. घासल्याशिवाय चांदी उजळायची एक रीत आहे. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात पाणी उकळायचं, त्यात मीठ आणि खायचा सोडा, आणि चांदी तळाला टेकेल अशी सोडायची. काळेपण आपोआप निघतं, चांदी अंगची जात नाही.

शनिवारी दुपारी मी हात जोडले आणि मुखवटा पाण्यात सोडला. फेस आला, वास आला. काळं निघालं. वर्षानुवर्षांचं हळदकुंकू, तेल, राख, सगळं सुटून वर आलं. मी चिमट्यानं मुखवटा बाहेर काढला, मलमलीनं नुसता टिपला आणि उजेडाकडे धरला.

लख्ख! एकही भोक नाही.

चेहराही नाही.

डोळे नाहीत, नाक नाही, ओठ नाहीत. म्हातारीनं ते कधीच घासून सपाट केले होते. आपण ज्याला डोळे म्हणत होतो, ते पुसट खाचांत बसलेलं काळं होतं.

युनूसनं वाकून पाहिलं. "आप्पा, चेहरा तो पूरा मैल का था!"

शेठनी मुखवटा सराफाकडे पाठवला, त्यानं हातच लावला नाही. म्हणाला, ठोका मारला की फाटेल. युनूस काजळानं डोळे काढायला निघाला, पण त्याला जमतात ते ट्रकमागचे डोळे. मी त्याचा हात धरला.

दिवेलागणीला मी मुखवटा रुमालात बांधून अक्कांच्या दारी गेलो. आत पाट मांडला होता, नैवेद्याच्या रोटांचे गहू दळून आले होते, दोन नणंदा ओसरीवर बसून सगळं बारीक नजरेनं बघत होत्या. मी रुमाल अक्कांच्या हातात दिला. "अक्का, काळं गेलं, पण..."

अक्कांनी रुमाल सोडला. मुखवटा दोन्ही हातांत धरला, दिव्याकडे वळवला, पुन्हा आपल्याकडे वळवला. मग त्यात बघूनच कपाळावरचा केस मागे सारला, कुंकू बोटानं नीट केलं आणि नणंदांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या,

"आप्पा, इतला वरीस यामा मनी सासूच डोया वटारे. आज मी दिसस. राहू द्या आशीच!"