शेवटच्या सुराआधीचा चेहरा

ओळखपत्रावरच्या फोटोत माणूस माणसासारखा दिसत नाही, हे सगळ्यांना मान्य आहे. कोणी चोर दिसतो, कोणी झोपेतून ओढून आणलेला. नियमच तसे. हसायचं नाही, तोंड मिटलेलं, डोळे उघडे, मान सरळ. एवढ्या अटी घातल्या तर बैलसुद्धा बावळट दिसेल. पण आमच्या शीळमामाच्या दुकानातला फोटो वेगळा निघायचा. कचेरीतला कारकून अर्जांच्या गठ्ठ्यातून तो नुसत्या नजरेनं काढून दाखवायचा. म्हणायचा, हा शीळवाल्याकडचा, बघा, आत्ता काहीतरी विचारेल.

शीळमामा माझ्या आईचा चुलतभाऊ, म्हणून माझा मामा; पुढे सगळी गल्लीच त्याला मामा म्हणायला लागली. शीळ घालायची खोड लहानपणी गुरांमागे फिरताना लागलेली. गुरं गेली, गाव सुटलं, शीळ राहिली. त्याचं फोटोचं दुकान म्हणजे दहा पावलं लांब आणि चार पावलं रुंद. पुढे काचेचं कपाट, भिंतीला आरसा, आरशाला सुतळीनं बांधलेला कंगवा. मोकळा ठेवला की लोक तो केसात खोचून घरी घेऊन जात. मधे एक स्टूल, तिवईवर कॅमेरा, दोन दिवे. मागे जाड पडदा आणि पडद्यामागे मामी. फोटो छापणं, कापणं, पाकिटात भरणं हे तिचं खातं.

युक्ती सापडली ती चुकून. एकदा स्टुलावर एक गवंडी बसला होता. चेहरा त्यानंच बांधलेल्या भिंतीसारखा. मामा दिव्याचा कोन बदलता बदलता सवयीनं शीळ घालत होता, चार ओळींची साधी चाल. शेवटचा सूर यायचा आणि नेमकी त्याला शिंक आली. चाल लटकली. मामानं पाहिलं, तर गवंड्याची हनुवटी केसभर वर आलेली, डोळ्यांत उजेड, ओठ मिटलेलेच पण आतलं काहीतरी पुढे झुकलेलं. पावलाचा आवाज आला की गाय गोठ्यात कान टवकारते तसं. मामानं शिंक गिळली आणि खटका दाबला.

दुसरा कोणी असता तर चांगला फोटो मिळाला म्हणून गप्प बसला असता. मामाच्या डोक्यात मात्र भुंगा शिरला. हे त्या गवंड्याचंच होतं की सगळ्यांचं असतं? तो करून बघायला लागला. दोन सूर आधी थांबला, तर लोकांना वाटे, ह्याला पुढचं येत नाही. अर्ध्यात थांबला, तर ते घड्याळाकडे बघत. फक्त शेवटचा एक सूर राखला की चेहरा उघडायचा. त्यानं एक वही केली. न्हावी, उडती चाल. नर्सबाई, संथ चाल, दोनदा. वकील, कुठलीच नाही, स्वतःच बोलतो. एका चिमुरडीपुढे थांबला तर तिनंच शेवटचा सूर म्हणून टाकला आणि वर विचारलं, तुम्हाला एवढंही येत नाही का. तेही वहीत आहे.

मी एकदा त्याला म्हटलं, म्हणजे वाट बघताना माणूस खरा दिसतो म्हणायचं. तो म्हणाला, "खरा की खोटा ते मला नको विचारू. झाकण उघडं असतं, एवढं दिसतं."

आता ह्या सगळ्यात मामीची गोष्ट अशी, की तिला लटकलेली चाल सहन व्हायची नाही. शेवटचा सूर सोडला की ताटात घास टाकून उठल्यासारखं वाटतं, असं ती म्हणायची. म्हणून खटका वाजला रे वाजला की पडद्यामागून हलक्या आवाजात ती तो सूर लावायची. गिऱ्हाइकाचा जीव भांड्यात पडायचा. आणि मामा कॅमेऱ्याच्या तिवईवर बोटानं एक टिचकी मारायचा. म्हणजे पावती, की पोचला. शीळ, खटका, सूर, टिचकी. एकतीस वर्षं दुकान ह्या चार आवाजांवर चाललं.

ह्या सवयीपायी मामीचा स्वतःचा एक धड फोटो नव्हता. मामानं तिला स्टुलावर बसवलं की तो थांबायच्या आत ही सूर म्हणून मोकळी. हजारो अनोळखी चेहरे उघडून बसलेला माणूस, पण बायकोचं झाकण काही उघडता आलं नाही. "ती सोबत जेवायला बसते आणि माझ्याआधी उठते," म्हणायचा.

गेल्या वर्षी फोटो बिघडायला लागले.

आधी कळलं नाही. मग कारकून म्हणाला, मामा, तुमचा फोटो हल्ली ओळखू येत नाही. मग चार फोटो परत आले, भुवया आक्रसल्यात, पुन्हा काढा म्हणून. मामानं ते चार फोटो काचेवर मांडले. चौघांच्याही तोंडावर एकच भाव होता. घासात खडा लागल्याचा.

मामानं दिवे बदलले. भिंग पुसलं. मागची भिंत करडी होती, ती पांढरी केली. स्टुलाचा एक पाय तोकडा असल्याचा संशय आला, तोही तासून घेतला. मग माणसांवर आला. म्हणाला, माणसंच बदललीत, वाट बघायचं विसरलीत. शेजारी चपलांचं दुकान होतं. तो चपलावाला मधली भिंत पाडून मामाची जागा घ्यायला कधीपासून टपलेला. मामानं ह्या खेपेला त्याला हाकलला नाही. म्हणाला, पहिल्या तारखेला ये. तोवर तो चेहरा परत सापडला तर ठीक, नाही तर घे दुकान. नुसते नाकडोळे छापायचे तर त्याला यंत्र पुरे, मी कशाला?

हातात वीस दिवस होते. मामानं जुन्या फोटोंच्या पेट्या काढल्या. प्रत्येक गिऱ्हाइकाचा एक फोटो तो ठेवून घ्यायचा, मागे तारीख आणि चालीचं नाव लिहून. जमिनीवर त्यानं महिन्यांच्या ओळी लावल्या. मी मदतीला गेलो तेव्हा तो ओळींमधून अनवाणी हिंडत होता, पेरणी बघत हिंडावं तसा. त्याला कळलं ते असं. बिघाड एका दिवसात आलेला नव्हता. ज्या चाली शेवटी उंच जातात, त्यांचे चेहरे आधी गेले. मग मधल्या चाली. खाली उतरून संपणाऱ्या दोन चाली होत्या, त्यांचे फोटो अजून ताजे होते. कालच काढलेल्या पोस्टमनचासुद्धा.

म्हणजे दिव्यांचा दोष नव्हता. दिव्याला काय कळतंय उंच आणि नीच.

मामा उंच चालींच्या ओळीपाशी उकिडवा बसला. पडद्यामागचा सूरही साधारण त्याच सुमारास थांबल्याचं त्याला आठवलं. मग त्यानं पडद्याकडे बघून जरा आवाज चढवून विचारलं, "तू सूर लावायचं सोडलंस, तो महिना कुठला?"

पडदा बाजूला झाला. हातात कात्री घेऊन मामी उभी. "मी कधी सोडलं?"

मग जे निघालं ते ऐकून मला हसावं की काय करावं कळेना. दोन वर्षांपूर्वी मामीची बहीण आली होती. तिच्यासमोर मामा सहज बोलून गेला होता, की हिचा सूर तसा बरा, पण नाकातला. त्यानंतर काही महिन्यांनी मामाला तिचा सूर ऐकू येईनासा झाला. तो धरून चालला, की बाई रुसली. बोलेल तेव्हा बोलेल, आपण कशाला विचारा. आणि मामी पडद्यामागे रोज, प्रत्येक फोटोला, सूर लावत होती. टिचकी येत नव्हती. ती धरून चालली, की ह्यांना अजून तो नाकातलाच वाटतोय. पण घास टाकून उठवेना, म्हणून ती लावतच राहिली. शीळ भलत्याच ठिकाणी जात होती हे तिला कधीचं कळत होतं.

"मग सांगितलं का नाहीस?" मामानं विचारलं.

"मला वाटलं, मला चिडवायला मुद्दाम तशी घालताय."

एका दुकानात, एका पडद्याच्या दोन बाजूंना, दोघं सव्वा वर्ष एकमेकांचा रुसवा सांभाळत बसले होते. आणि रुसलं कोणीच नव्हतं. दाराची घंटी वाजत नाही म्हणून मामानं ती दोनदा बदलली होती. घंटी बिचारी वाजत होती.

कानाच्या डॉक्टरनं त्याला एका बंद खोलीत बसवलं, कानांवर डबे लावले आणि आवाज आला की बटण दाब म्हणून सांगितलं. मामा बाहेर येऊन म्हणाला, मी दाबतच होतो, पण मधे ते लोक चहाला गेले असणार. ते कुठे गेले नव्हते. वरचे सूर मामाच्या कानातून गेले होते आणि ते परत यायचे नव्हते. समोरासमोर बोलणं कळत होतं म्हणून कोणाच्या ध्यानात आलं नाही. आपलेच वरचे सूर ऐकू येत नसल्यानं शीळ घसरत होती आणि चाल चालच उरली नव्हती. जी चाल मोडलेलीच आहे, तिच्या शेवटाची वाट कोण बघणार? डॉक्टरनं कानात घालायचं यंत्र लावून दाखवलं. पडदा हलला तरी पोतं फाडल्यासारखं वाटतंय, म्हणून मामानं ते खिशात ठेवलं.

पहिल्या तारखेला सकाळी मामानं दुकान उघडलं आणि कॅमेरा पुसून फडक्यात गुंडाळायला घेतला. आपल्याला दोनच चाली उरल्या, असं तो म्हणाला. दोन बियाण्यांवर शेत होत नाही. चपलावाल्याला हो सांगून टाकू.

मामीनं कात्री ठेवली. बाहेर आली आणि न बोलावता स्टुलावर बसली.

"चाल तुमच्या एकट्याची आहे का?" ती म्हणाली. "सोडा ते फडकं. कॅमेऱ्यामागे उभे राहा."

मामा उभा राहिला. मामीनं ती चार ओळींची चाल गुणगुणायला सुरुवात केली, गवंड्याची, पहिली. मामाला खालचे सूर ऐकू येत होते, वरचे नव्हते. पण चाल त्याला पाठ होती आणि मामीचा गळा समोर दिसत होता. कुठे चढतेय, कुठे वळतेय, हे तो गळ्यावरून बघत गेला. तिसरी ओळ. चौथी. आणि शेवटच्या सुराच्या अलीकडे गळा थांबला.

जिनं जन्मात घास टाकला नाही ती बाई घास टाकून बसली होती. मामाकडे बघत होती. आता हा सूर लावतो की नाही, लावला तर कुठे लागतो, आपलं भांडण मिटलं की नाही, सगळं त्या बघण्यात होतं. हनुवटी केसभर वर.

मामानं खटका दाबला. मग त्यानं ओठांचा चंबू केला आणि शेवटचा सूर लावला.

"कसा लागला?" त्यानं विचारलं.

"नाकातला," मामी म्हणाली.

मामानं तिवईवर टिचकी मारली.

तो फोटो मामीनं स्वतः छापला. पाकिटात भरला नाही. मामानं तो पुढच्या काचेच्या कपाटात मधोमध लावला. दुपारी चपलावाला हातात मोजमापाची फीत घेऊन आला. भिंतीला फीत लावण्याआधी त्याची नजर कपाटावर गेली. जवळ जाऊन बघायला लागला. मागे सरकून बघितलं, पुन्हा जवळ गेला.

"मामी कशाची वाट बघतायत हो?" त्यानं विचारलं.

"तू कधी जातोस त्याची," मामा म्हणाला. "पण आलाच आहेस तर बस. तुझा फोटो जुना झालाय."

चपलावाला स्टुलावर बसला. पडद्यामागून मामीनं चाल धरली, एक उडती, उंच जाऊन संपणारी. मामा शीळ घालत नव्हता. तो नुसता चपलावाल्याच्या तोंडाकडे बघत होता. फीत त्या माणसाच्या हातून गळून पडली आणि त्याचं झाकण उघडलं. खटका वाजला. मग पडद्यामागून सूर आला. मामाला तो ऐकू आला नाही. चपलावाल्याचे खांदे खाली आले तेव्हा सूर पोचल्याचं त्याला दिसलं, आणि त्यानं टिचकी मारली.