राक्षसाच्या किल्ल्या

परीकथा कोणी रचल्या, असं विचारलं की अभ्यासक लगेच हजार वर्षं मागे बोट दाखवतात. कशाला इतक्या लांब? एक तर माझ्या थोरल्या जाऊबाईंनी रचली, कपड्यांच्या कारखान्यात, काजं-बटणं करता करता.

नव्या मुलींना मालकाबद्दल उघड सांगायची सोय नव्हती. भिंतींनाही कान होते. म्हणून जाऊबाईंनी त्याचा राक्षस केला. सोन्याचा दात, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. किल्ल्या खुळखुळल्या की राजकन्येने कोठारातून पळ काढायचा. बाकीच्या बायका भर घालत.

"त्याला खोकला दे गं."

"आणि बायकोचा धाक!"

नवी मुलगी हसायची, पण काय समजायचं ते समजायची.

पुढे एक प्राध्यापक लोककथा गोळा करत आले. मालक कुठला पुस्तकं वाचतोय, म्हणून जाऊबाईंनी गोष्ट दातासकट सांगितली. पुस्तक निघालं आणि नेमकं मालकाच्या नातवाच्या हातात पडलं. वाचून दाखवायला आजोबाच!

जाऊबाईंना बोलावणं आलं.

"गोष्ट तुझी?"

हो म्हटलं तर नोकरी जाणार, शिवाय भर घालणाऱ्या सगळ्याजणी उघड्या पडणार.

"माझी कुठली, मालक? आजीची. तिच्याही आजीची."

"तिने माझा दात पाहिला होता?"

"राक्षसाला दात असतातच हो. आणि पुस्तकातच छापलंय ना, फार प्राचीन कथा म्हणून."

मालकाने कमरेच्या किल्ल्या चाचपल्या. मग म्हणाला, "जा."

सुटलो, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी एका मुलीने मान वर केली, तर मालक तिच्या मागेच उभा. कधी आला, कोणालाच कळलं नाही. किल्ल्या खिशात होत्या, रुमालात गुंडाळलेल्या.

संध्याकाळी भाजी निवडताना जाऊबाई म्हणाल्या, "अगं, आवाजच गेला. आता राजकन्या पळणार कधी?"

"पळवताच कशाला?" मी वैतागून म्हटलं. "सोबत द्या तिला कोणीतरी."

त्यांनी राजकन्येला बहीण दिली, हात न सोडणारी. तेव्हापासून कोठारात कोणी एकटीने गेली नाही; सुतळीचा गुंडा आणायलाही दोघी जात. मालक चिडचिड करायचा, पण दोघींसमोर त्याचं काही चालेना.

प्राध्यापक पुन्हा आले, नवी गोष्ट ऐकून खूश झाले. "वा! हा तर आणखी जुना पाठ!"

"असेल," जाऊबाई हळूच म्हणाल्या. आधी त्यांनी दाराबाहेर डोकावून पाहिलं होतं.