विचारून सांगते

ऑगस्टचा पहिला रविवार, सकाळचे सव्वाअकरा. आमच्या वाचकांच्या ग्रुपवर सभासद एकशे बेचाळीस. कुमुदताई वानखेडे गेल्याची बातमी वाचलेले एकशे एकोणतीस, हात जोडल्याची खूण टाकलेले अठ्ठ्याण्णव, आणि प्रत्यक्ष मयूर विहारच्या त्यांच्या फ्लॅटवर पोहोचलेले तीन: नोएडाच्या भाग्यश्री, फरीदाबादचे वैद्य आणि गाझियाबादहून मी. बातमी दोन-अडीच आठवड्यांपूर्वी भाग्यश्रींनीच टाकली होती. हृदयविकार, घरीच, पाचेक मिनिटांत. मी ती ऑफिसात, दुपारच्या चहाच्या वेळी वाचली आणि पहिली गोष्ट केली ती ही, की माझ्या तक्त्यात त्यांच्या नावाची ओळ शोधली. ओळ मार्चच्या शेवटच्या रविवारी संपत होती. ती मीच संपवली होती.

तक्ता म्हणजे काय ते सांगतो. मी हिशेबतपासणीच्या खात्यात सव्वीस वर्षं आहे. दिल्लीच्या आसपास राहणाऱ्या मराठी माणसांचा हा ग्रुप सुरू झाला तेव्हा नियम करायचं काम माझ्याकडे आलं, ते आपसूकच. दर रविवारी बारापर्यंत शिफारशी टाकायच्या. पुस्तकाचं नाव, एकूण पानं, दहापैकी गुण आणि फक्त तीन ओळी. शेवटच्या पानापर्यंत स्वतः वाचलेलंच पुस्तक सुचवायचं. एक सभासद, एक फोन. इथे मराठी पुस्तकं सहज मिळत नाहीत, म्हणून ज्याच्याकडे पुस्तक असेल त्याने मागणाऱ्याला मेट्रो स्टेशनच्या फाटकाशी नेऊन द्यायचं. दोघांपैकी कुणी आत असेल तर पुस्तक कठड्यावरूनच जातं, तिकिटाचे पैसे वाचतात. हे सगळं मी एका तक्त्यात भरत असे. कुणी काय सुचवलं, ते कुणी नेलं, कधी परत आलं. सहा वर्षांत एकही पुस्तक हरवलं नाही, याचा मला अभिमान होता.

कुमुदताईंना मी अशी फाटकाशीच पाहत आलो. मूळच्या भंडाऱ्याच्या, केंद्र सरकारच्या एका कार्यालयात अभिलेख विभागातून निवृत्त झालेल्या. लहान चणीच्या, कापडी पिशवी, पुस्तक हिंदी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. मी पिशवीतून काढलेल्या पुस्तकाची पानं, कव्हर, बांधणी तपासत उभा राहायचो तेव्हा त्या कठड्यापलीकडून म्हणायच्या, "साठेसाहेब, पुस्तक परत घेता, की आरोपीला जामिनावर सोडता?" मागची रांग हसायची. मला त्यांनी एकदा एक कादंबरी सुचवली, सगळ्यांसमोर, ग्रुपवर: "साठेसाहेबांसाठी. यात एकही आकडा नाही, घाबरू नका." भाग्यश्रींची आई गेली तेव्हा सगळ्यांनी त्यांना दुःखावरची, मरणावरची, धीर देणारी पुस्तकं सुचवली, एकंदर चौदा. कुमुदताईंनी एका फसलेल्या लग्नाची विनोदी गोष्ट पाठवली. "रडायचं पुस्तक सगळेच देतील, हे घ्या," एवढंच लिहिलं. भाग्यश्री सांगतात, चौदांपैकी एकही उघडलं नाही, हे दोनदा वाचलं.

घरी यजमान आजारी असतात, एवढं त्यांनी सांगितलं होतं. पक्षाघात झालाय, अंथरुणावर आहेत, असं आमच्या कानावर होतं. प्रल्हाद वानखेडे एके काळी इथल्या मराठी मंडळात भाषणं करायचे. उंच, खणखणीत आवाजाचा माणूस. "आता काही कळत नाही म्हणे," असं कुणीतरी म्हणालं आणि आम्ही ते धरून चाललो. कुणी पाहायला गेलं नाही. तीन वर्षांत कुणीच नाही... मीही नाही.

यंदा जानेवारीपासून कुमुदताईंच्या शिफारशी वाढल्या. दर रविवारी तीन. नियमात संख्येला मर्यादा नव्हती, तरी मला ते खटकू लागलं. मार्चअखेर मी बेरीज केली. बारा रविवार, छत्तीस पुस्तकं, नऊ हजार बहात्तर पानं. भागिले चौऱ्याऐंशी दिवस, म्हणजे रोज एकशे आठ पानं. तासाला पंचवीस धरली तरी रोज सव्वाचार तासांहून जास्त, आणि घरात अंथरुणाला खिळलेला माणूस. शिवाय दोन गोष्टी. एकाच कादंबरीला त्यांनी जानेवारीत नऊ गुण दिले होते आणि मार्चमध्ये चार. आणि काही तीन ओळी ऐसपैस, बोलल्यासारख्या, तर काही अगदी तारेसारख्या: "पहिली शंभर पानं जड. मग सुटका नाही. शेवट खरा." दोन हातांचं लिखाण दिसलं की आमच्या खात्यात एकच अर्थ काढतात. मी तोच काढला. बाई कुठून तरी उतरवून टाकतात.

इथे एक गोष्ट लिहिणं भाग आहे. त्याच तक्त्यात वैद्यांचीही पानं जमत नव्हती. रोजची सत्त्याण्णव. वैद्य नोकरीत आहेत, फरीदाबादहून येण्याजाण्यात त्यांचे तीन तास जातात. त्यांना मी काही विचारलं नाही. का विचारलं नाही, याचं उत्तर मला तेव्हाही ठाऊक होतं. वैद्य आमच्यातले. त्यांच्या वाचण्यावर संशय घ्यावा असं माझ्या मनातच आलं नाही. कुमुदताईंच्या बाबतीत ते सहज आलं. आडनाव वाचून आलं, असं त्या वेळी कुणी म्हटलं असतं तर मी त्यालाही आकडे दाखवले असते.

तर मार्चच्या शेवटच्या रविवारी, बारा वाजून दहा मिनिटांनी, मी तो हिशेब ग्रुपवर टाकला. नाव घालून. खाली लिहिलं, "ताई, नियमाप्रमाणे शंकानिरसन व्हावं. तीन पुस्तकांवर तीन प्रश्न." पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यांनी सहा मिनिटांत दिली, बरोबर दिली. तिसरा प्रश्न होता: शेवटच्या प्रकरणात धाकटा भाऊ पुन्हा विहिरीवर कशासाठी जातो? बराच वेळ नुसतं 'लिहीत आहेत' असं दिसत राहिलं. मग आलं: "थांबा. विचारून सांगते."

"कुणाला विचारणार, इंटरनेटला?" वैद्य.

हसरे चेहरे सतरा, वैद्यांचा स्वतःचा धरून. मी मोजले होते.

"अरे यार, ही काय बोर्डाची परीक्षा आहे का?" भाग्यश्री. त्यांच्या बाजूने तेवढी एकच ओळ.

मी लिहिलं, "प्रश्न साधा आहे. पुस्तक आपण स्वतः वाचलं आहे का? हो किंवा नाही."

बारा वाजून अडतीस मिनिटांनी उत्तर आलं. "हे मी वाचलेलं नाही." आणि बारा चाळीसला: कुमुद वानखेडे ग्रुपमधून बाहेर पडल्या. वैद्यांनी मला टाळ्या पाठवल्या. त्या संध्याकाळी माझ्या पत्नीने, मेधाने, सगळं वाचून फोन परत माझ्या हातात दिला. म्हणाली, "तुम्ही ऑफिस घरी आणता, ते मी वीस वर्षं चालवून घेतलं. त्या बाईंच्या घरी कशाला नेलंत?" मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. त्यानंतर चार महिने मी कुमुदताईंना फोन केला नाही.

दार सरिता नावाच्या बाईंनी उघडलं. वानखेडेसाहेबांचं सगळं करायला त्या तीन वर्षांपासून दिवसभर असतात, आता रात्रीही राहतात. मुलगी परदेशातून येऊन, दिवस करून परत गेली होती. आतल्या खोलीत पलंग खिडकीशी लावलेला. साहेब उशांना टेकून बसवलेले. चेहरा एका बाजूने ओघळलेला, डोळे मात्र आमच्यावर. आम्ही हात जोडले. मग वैद्य माझ्याकडे झुकून म्हणाले, "यांना काही कळतं का हो?"

"सब समझते हैं," सरिता म्हणाल्या. "अभी आपने जो पूछा, वो भी."

पलंगावर सुताराकडून करवून घेतलेलं एक तिरपं स्टँड होतं. त्यावर दोन चिमट्यांनी उघडं धरलेलं पुस्तक. शेजारी जुन्या सरकारी कचेरीत असते तशी प्लॅस्टिकची डबी, आत ओला स्पंज. कागद मोजणारी माणसं बोट भिजवतात, तो. आम्ही पाहत असतानाच साहेबांच्या उजव्या हाताची तर्जनी चादरीवरून वर उठली. सरितांनी स्पंजावर बोट टेकवलं, पान उलटलं, आणि आमच्यासाठी पाणी आणायला गेल्या. आम्ही तिघं उभेच. एकशे आठ हा आकडा माझ्या डोळ्यांसमोर आला.

सरितांनी बाकीचं सांगितलं. डिसेंबरात ते स्टँड करवून घेतल्यापासून साहेब सकाळी सातपासून वाचतात. दुसरं करणार काय. "आंटी पन्ना पलटती थीं. खाना बनाते-बनाते भी आके पलट जाती थीं." वाचून झालं की साहेब बोटांनी गुण देतात. पाचांहून जास्त असले तर आधी पाचही बोटं उघडून मिटतात, मग वरचे जितके तितकी पुन्हा उघडतात. आणि तीन ओळी लिहायच्या असल्या की भिंतीवरचा बाराखडीचा तक्ता घ्यायचा, अक्षरांवरून पट्टी फिरवायची, साहेबांनी बोट उचललं की थांबायचं. तीन ओळींना एक तास. ग्रुपवर त्यांचं नाव का नव्हतं, हे भाग्यश्रींनी विचारलं. सरिता म्हणाल्या, "साहब ने मना किया था. पता चलेगा तो लोग देखने आएँगे."

मग त्यांनी कुमुदताईंची वही दाखवली. मी ती हातात घेतली आणि माझ्या फोनवरचा तक्ता उघडला. हे मी सवयीने केलं, त्याला दुसरं काही नाव देत नाही. छत्तीस पुस्तकं. प्रत्येकापुढे एक अक्षर: प्र किंवा कु. पंचवीस प्र, अकरा कु. पानं, गुण, तारखा, सगळं माझ्या तक्त्याशी जुळलं. एका कादंबरीपुढे प्र – नऊ, पुढे दीड महिन्याने त्याच कादंबरीपुढे कु – चार. माझा एकही आकडा चुकलेला नव्हता. मार्चच्या शेवटच्या रविवारच्या पानावर त्यांच्या गोल अक्षरात माझा तिसरा प्रश्न उतरवलेला होता. खाली: "प्र. सांगतात: दोर जागेवर परत ठेवायला. वेळ १.०५." उत्तर बरोबर होतं. वीस-पंचवीस मिनिटांनी उशिरा होतं. तोवर त्या बाहेर पडल्या होत्या, आणि तरी त्यांनी ते शेवटच्या अक्षरापर्यंत विचारून घेतलं होतं, लिहून ठेवलं होतं. पुढची पानं कोरी.

"उसके बाद किताब आना बंद," सरिता म्हणाल्या. "घर में नौ हैं. साहब वही नौ पढ़ते रहे. आंटी दो बार बस से लाइब्रेरी गईं, बंद मिली."

चार महिने, नऊ पुस्तकं. पुस्तक आणायला कुमुदताईंना आमचं फाटक होतं, आणि ते मी लावून घेतलं होतं.

मी पलंगाजवळ गेलो. म्हटलं, "वानखेडेसाहेब, मी साठे. तो प्रश्न विचारणारा मी." मी म्हटलं, दर रविवारी येईन, पुस्तकं आणीन, बसून पानं उलटीन. त्यांनी भिंतीकडे डोळे नेले. सरितांनी तक्ता उतरवला, पट्टी फिरवू लागल्या. त्यांना मराठी थोडंफार कळतं, बोलता येत नाही, पण अक्षरं तीच. त्या एकेक अक्षर मोठ्याने म्हणत होत्या आणि आम्ही तिघं शाळेतल्यासारखे ऐकत होतो. नऊ मिनिटं लागली.

"पुस्तकं ठेवा. तुम्ही जा."

जिना उतरताना वैद्य म्हणाले, "चला, निदान पुस्तकं तरी घेतली." भाग्यश्री म्हणाल्या, "वैद्य, मेट्रो येईपर्यंत बोलू नका."

तेव्हापासून दर रविवारी मी तीन पुस्तकं घेऊन जातो. सरिता दारात येतात, आधीची तीन देतात, नवी घेतात. मला आत बोलावलेलं नाही. ग्रुपवर मी सगळं लिहिलं, माझा तक्ता बंद केला. ज्या सतरा जणांनी हसरे चेहरे टाकले होते, त्यांपैकी अकरा आता पुस्तकं पाठवतात. सहाजणांनी काहीच म्हटलेलं नाही, आणि वैद्य त्या सहांत आहेत.

हा लेख पुरवणीकडे देण्याआधी त्यांची परवानगी हवी होती. एका रविवारी मी तो छापून, पुस्तकांबरोबर, सरितांच्या हाती दिला. पुढच्या रविवारी परत मिळाला. मागच्या बाजूला सरितांच्या अक्षरात, पेन्सिलीने:

"प्र – तीन. आकडे बरोबर. ती कमी, तुम्ही जास्त. छापा."

मी पानं मोजून घेतली, सहाच्या सहा होती. प्रत्येकाचा खालचा उजवा कोपरा बोटाएवढा ओला होऊन सुकलेला होता.